लारीची शाळा

आमच्या घरी शाळेचं नाव सांगणाऱ्याच्या वयावरून ठरायचं. रायपूरच्या बुढापाऱ्यात, बुढा तलावाजवळ जी शाळा आहे तिला मी ‘सप्रे शाला’ म्हणायचो आणि बाबा ‘लारी’ म्हणायचे. आजोबा शिकले ते सरकारी हायस्कुलात. त्याच शाळेला आत्या ‘मल्टीपर्पज’ म्हणायची, आणि आज तिच्या पाटीवर प्राध्यापक जयनारायण पांडे यांचं नाव आहे. उन्हाळ्यात रात्री अंगणात खाटा पडल्या की या तिघांच्या आठवणी एकमेकींत मिसळत. सहा-सात वर्षांचा मी उताणा पडून ऐकायचो आणि मनाशी हिशेब करायचो, आपल्या गावात केवढ्या शाळा! पुढे कळलं की नावं पाच होती आणि शाळा दोनच.

‘लारी’ म्हणजे लॉरी. इंग्रजी अमलात म्युनिसिपालटीच्या शाळेला दिलेलं हे नाव रायपूरच्या जिभेवर घासून लारी झालं. स्वातंत्र्यानंतर ते गेलं आणि माधवराव सप्र्यांचं नाव आलं. बाबांना सप्र्यांबद्दल फार आदर. ‘दासबोधा’चं सप्र्यांनी केलेलं हिंदी भाषांतर त्यांच्या उशाशी असायचं. पण शाळेला मात्र ते लारीच म्हणत राहिले. एकदा मी विचारलं, “बाबा, तुम्हाला नवं नाव आवडत नाही का?” ते म्हणाले, “नाव चांगलंच आहे रे. पण मार खाल्ला तो लारीत, आणि पहिला नंबर आला तोही लारीत. आता मी काय करू?”

आम्ही तात्यापाऱ्यातले. पारा म्हणजे छत्तीसगढीत वस्ती, मोहल्ला. आमची माणसं इकडे कधी आली याचा कागद घरात नाही, पण आजोबा सांगायचे ते इतिहासाशी जुळतं. १७५८ मध्ये रतनपुरात बिंबाजी भोसल्यांचा कारभार सुरू झाला आणि त्यांच्या मागोमाग नागपूरकडचे कारकून, पुरोहित, शिलेदार या धानाच्या मुलखात उतरले. १८१८ मध्ये इंग्रजांची देखरेख आली तेव्हा मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हललं. १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं. राज्य गेलं तरी माणसं परत गेली नाहीत. तोवर त्यांच्या विहिरी खणून झाल्या होत्या, देवघरं बसली होती, लेकी इथेच दिल्या होत्या. आमचे पणजोबा कचेरीत कारकून. जमाखर्च मोडीत लिहायचे, कचेरीचे कागद हिंदीत, साहेबाशी बोलणं मोडक्या इंग्रजीत आणि धान घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याशी छत्तीसगढीत. एका माणसाच्या एका दिवसात एवढ्या भाषा. मला वाटतं, रायपूरच्या मराठी घरांचा सगळा इतिहास या एका दिवसात मावतो.

मुलांना मात्र कुठली तरी एक भाषा लिहायची-वाचायची होती आणि ती शाळा ठरवायची. शाळेत हिंदी होती.

इथे सप्र्यांची गोष्ट सांगायला हवी, कारण ती आमच्या प्रत्येकाची गोष्ट आहे, फक्त फार मोठ्या मापाची. माधवराव सप्रे १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातल्या पथरियात जन्मले. बिलासपुरात सुरुवातीचं शिक्षण झाल्यावर ते रायपूरच्या सरकारी हायस्कुलात आले आणि १८९० मध्ये तिथून एंट्रन्स पास झाले. घरात मराठी. शाळेत त्यांना शिक्षक भेटले नंदलाल दुबे. दुबे संस्कृत नाटकं हिंदीत आणणारे, भाषेवर जीव टाकणारे. एका मराठी मुलाला हिंदीची गोडी लावली ती या शिक्षकानं, रायपूरच्या त्या वर्गात. पुढे सप्र्यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्यासारख्या आडगावातून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढलं. सोबत संपादक रामराव चिंचोळकर आणि प्रकाशक वामनराव लाखे. तिघेही मराठी, मासिक हिंदी आणि नाव छत्तीसगढचं. ते छापलं जायचं सुरुवातीला रायपूरच्या कय्यूमी प्रेसमध्ये. तीन वर्षं चाललं आणि पैशाअभावी थांबलं. पण त्याच मासिकात १९०१ मध्ये ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली, जिला हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांमध्ये गणतात.

ती कथा आजोबा मराठीत सांगायचे, त्यांच्या पद्धतीनं. एका जमीनदाराला आपल्या महालाचं आवार वाढवायचं असतं आणि मध्ये येते एका विधवेची झोपडी. वकिलांच्या जोरावर तो झोपडी घेतो. काही दिवसांनी म्हातारी टोपली घेऊन येते. तिची नात झोपडी सुटल्यापासून जेवत नाही. तिथल्या मातीची चूल केली तर त्या चुलीवरचं खाईल, म्हणून टोपलीभर माती मागते. माती भरून झाल्यावर ती त्यालाच म्हणते, जरा हात लावा. त्याला टोपली उचलत नाही. पुढे म्हातारी जे बोलते त्यानं तो खजील होतो आणि झोपडी परत करतो. आजोबा इथे थांबायचे आणि हातानं टोपली उचलल्याचा अभिनय करायचे. अंगणात सगळे गप्प व्हायचे. कथा शंभरदा ऐकलेली असूनही.

आजोबांनी माधवरावांना पाहिलं होतं. तात्यापाऱ्याच्या गल्लीतून जाताना मोठी माणसं वाट सोडून उभी राहायची, असं ते सांगत. पण सगळ्यात जास्त वेळ ते एका गोष्टीला द्यायचे आणि ती सांगताना त्यांचा आवाज उतरायचा. १९०७ मध्ये सप्र्यांनी नागपुरात टिळकांच्या ‘केसरी’ची हिंदी आवृत्ती ‘हिंदी केसरी’ सुरू केली. ऑगस्ट १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. थोरल्या भावाच्या आग्रहापुढे त्यांचं काही चाललं नाही आणि काही महिन्यांनी माफीनाम्यावर सही करून ते सुटले. जगानं नावं ठेवली असतील-नसतील, त्यांनी स्वतःला क्षमा केली नाही. वर्ध्याजवळच्या हनुमानगडावर गेले, रामदासी गुरू केला, झोळी घेऊन वर्षाहून जास्त काळ मधुकरी मागितली. परत आले ते रायपुरात, आणि कामाला लागले. ‘दासबोध’ हिंदीत आणला. टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत आणलं. १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. आपण मराठी आहोत आणि हिंदीचा अभिमान कुठल्याही हिंदी माणसाइतकाच बाळगतो, हे ते उघडपणे सांगत. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच गेले.

“मोडलेला माणूस स्वतःला कसा सांधतो ते आम्ही आमच्या गल्लीत पाहिलं,” आजोबा म्हणायचे. बस, एवढंच. त्यावर ते कधी भाष्य करत नसत.

आता इमारतीकडे येतो. इमारतींबद्दल मला शिकवलं ते कुठल्या पुस्तकानं नाही, आमच्या घराच्या डागडुजीला येणाऱ्या मिस्त्री ककांनी. कका म्हणजे छत्तीसगढीत काका. त्यांचे वडील आणि आजोबाही गवंडी. गावातल्या सरकारी आणि म्युनिसिपालटीच्या भिंतींवर आपल्या घरच्यांचे हात लागलेत असं ते सांगायचे आणि मला त्यात शंका घ्यावीशी कधी वाटली नाही.

रायपूर चुनखडीवर बसलेलं गाव आहे. विहीर खणायला घ्या, थोड्याच हातांवर दगड लागतो. आज या दगडाचं सिमेंट होतं. जामुल, बलौदाबाजार, सगळीकडे त्याच्या चिमण्या दिसतात. पण सिमेंट येण्याआधी याच दगडाचा चुना व्हायचा आणि गावाच्या शाळा, कचेऱ्या, वाडे त्या चुन्यात उभे राहायचे. दगड भट्टीत भाजायचा. त्याचा कळीचा चुना पाण्यात सोडला की उकळी फुटायची, पोरं लांब उभी राहून बघायची. मग तो हौदात मुरवायचा, जितका जुना तितका चांगला. मुरलेला चुना, वाळू आणि विटांची भुकटी म्हणजे सुरखी, हे सगळं बैलाच्या घाण्यात दळायचं. कोणी त्यात गूळ घालायचे, कोणी बेलफळाचा गर. असा चुना सावकाश घट्ट होतो. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत शोषत पुन्हा दगड होत जातो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ज्या दगडाला भट्टीत फोडलं, तो भिंतीत बसून परत आपल्या मूळ रूपाकडे चाललेला असतो. ककांना रसायनशास्त्र माहीत नव्हतं. ते म्हणायचे, “ए चूना हे बाबू, सिरमिट नोहय. ए हा सांस लेथे.” हा चुना आहे, सिमेंट नव्हे. हा श्वास घेतो.

श्वास घेतो हे खरंच आहे. पावसाळ्यात चुन्याची भिंत ओल पिते आणि ऊन पडलं की सोडून देते. त्या जाडजूड भिंती, उंच छत, छताखालची दोरीनं उघडायची रोशनदानं आणि पुढे लांब व्हरांडा, या चौघांच्या संगनमतानं रायपूरचा मे महिना वर्गाबाहेर थांबायचा. पारा पंचेचाळिसाकडे गेलेला असतो तेव्हा हे किती मोठं काम आहे ते इथे राहिलेल्यालाच कळतं. उन्हाचा पहिला फटका व्हरांडा खातो, दुसरा भिंत खाते, उरलेली गरम हवा वर चढून रोशनदानातून निघून जाते. पंखा नसलेल्या खोलीत साठ मुलं बसवायची तर दुसरा मार्गच नव्हता. नुसतं गव्हर्न्मेंट बिल्डिंग म्हणून हसण्यावारी नेण्याजोगी ही बांधणी नाही. मध्य प्रांताच्या उन्हाला दिलेलं ते फार विचारी उत्तर आहे.

आणि वर कौलं. या एका वस्तूवरून आमच्या अंगणात दर जूनला वाद व्हायचा. आजी म्हणायची कौलं, शेजारचे हिंदी बोलणारे म्हणायचे कवेलू, कका म्हणायचे खपरा. माकडांनी सगळ्यांचीच सारखी फोडलेली असायची. पावसाआधीच्या शाकारणीला कका सकाळी यायचे, बासीची, म्हणजे पाण्यात भिजवलेल्या शिळ्या भाताची, वाटी खाऊन छपरावर चढायचे आणि वरूनच गावाच्या गोष्टी सांगायचे. कुठल्या इमारतीच्या तुळया सागवानी, कुठल्या सालाच्या, कुठे भिंतीत दगड आणि कुठे नुसती वीट, हे त्यांना पाठ होतं. त्या काळची बांधणी बघायची असेल तर ते मला घासीदासांच्या अजायबघराची जुनी इमारत बघायला सांगायचे. राजनांदगावच्या महंत घासीदासांच्या देणगीतून १८७५ मध्ये उभी राहिलेली ती आठकोनी इमारत अजून आहे. आठ बाजू, म्हणजे कोणत्याही वेळी निम्म्या भिंती सावलीत. लहान मुलाला वाटेल की नुसती हौस केलीय. कका म्हणायचे, हौस नाही, हिशेब आहे.

१८७५ म्हटलं की मला पुढचं १८७७ आठवतं, कारण बुढापाऱ्यात ही गोष्ट प्रत्येक मुलाला सांगतात. त्या वर्षी कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामासाठी रायपुरात होते आणि त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्र बैलगाडीच्या प्रवासानं इथे आला. रेल्वे रायपूरला पोचायला अजून दहाएक वर्षं होती. जवळजवळ दोन वर्षं तो बुढापाऱ्यात राहिला. पुढे तो विवेकानंद झाला. बुढा तलावाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात, मध्ये त्यांचा भव्य पुतळा बसलेला आहे. आम्ही शाळेत जाता-येता तलावाच्या वाऱ्यात चालायचो तेव्हा पुतळा नव्हता. पण त्या मुलाची गोष्ट होती, आणि आम्ही त्याच्याच वयाचे होतो.

आजोबांची खरी गोष्ट मात्र १९२० ची. तेव्हा ते पंधरा वर्षांचे, सरकारी हायस्कुलात. धमतरीकडे कंडेल गावात कालव्याच्या पाण्यावरून सत्याग्रह झाला होता. पंडित सुंदरलाल शर्मा, नारायणराव मेघावाले, छोटेलाल श्रीवास्तव ही नावं घरोघर होती. २० डिसेंबर १९२० रोजी गांधीजी शौकत अलींबरोबर रायपुरात आले. ज्या जागी ते बोलले तिला आज गांधी चौक म्हणतात. आजोबा शाळा चुकवून गेले. काय ऐकलं ते त्यांना नीट सांगता यायचं नाही, गर्दीत ते खूप मागे होते. त्यांना आठवायचं ते आपल्या डोक्यावरची टोपी काढून हातात धरणं. का काढली ते माहीत नाही, म्हणायचे.

काही आठवड्यांत असहकाराला जोर चढला. सरकारी शाळा सोडा. १९२१ मध्ये रायपुरात राष्ट्रीय विद्यालय उघडलं आणि त्याचे चिटणीस झाले तेच वामनराव लाखे, ज्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ प्रकाशित केलं होतं. सरकारनं दिलेली पदवी त्यांनी परत केली होती. आता कल्पना करा, कचेरीत कारकून असलेल्या बापाचा मुलगा घरी येऊन सांगतो, मी उद्यापासून सरकारी शाळेत जाणार नाही. पणजोबा काही बोलले नाहीत. रात्री जेवायला बसले आणि दोन घास खाऊन उठले. पणजीनं आजोबांना परसात नेऊन एवढंच विचारलं, “तिथे शिकवायला माणसं चांगली आहेत ना?” आजोबा म्हणाले, आहेत. “मग जा.”

ते वर्षभर तिथे गेले. चरखा शिकले, हिंदीत इतिहास शिकले. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्यानंतर गांधीजींनी आंदोलन थांबवलं आणि आजोबांना परत सरकारी हायस्कुलात यावं लागलं. या परतीबद्दल आजोबा कधी लाजले नाहीत, पण ते ती गोष्ट नेहमी सप्र्यांच्या माफीनाम्याच्या गोष्टीनंतर सांगायचे. क्रम बदलत नसत. हा क्रम माझ्या लक्षात यायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

आजीची गोष्ट या सगळ्यात बारीक आवाजाची. मुलींनी कुठे शिकायचं? १९११ च्या सुमारास सप्र्यांनी रायपुरात जानकीदेवी महिला पाठशाळा सुरू केली होती. आजी तिथे तीन वर्षं गेली. घरून निघताना पाटी पदराखाली लपवून न्यायची, कारण गल्लीतल्या बायका विचारायच्या. लग्न झालं आणि शिक्षण थांबलं; पण वाचणं थांबलं नाही. दुपारी सगळे झोपले की ती खिडकीशी बसून ओठ हलवत वाचायची. तिच्या काळच्या कितीतरी बायकांना देवाच्या पोथीत बोट ठेवून बसताना मी पाहिलंय, आणि बोट सरकत नसायचं. आजीचं बोट सरकायचं. त्या पाठशाळेची इमारत कशी होती असं मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “इमारत कसली, एक ओसरी होती. पण तिथे मला माझं नाव लिहिता आलं.”

गावात अर्थात याहून मोठ्या शाळा होत्या. १८८२ मध्ये जबलपुरात निघालेलं राजकुमार कॉलेज १८९४ मध्ये रायपूरला आलं, संस्थानिकांच्या मुलांसाठी. पुढे ते पब्लिक स्कूल झालं. तिथली घोड्यावर बसलेली मुलं बाबांनी कुंपणाबाहेरून पाहिली होती. आमच्या घराचा त्या शाळेशी एवढाच संबंध, म्हणून तिच्याविषयी मी जास्त सांगणं बरं नाही.

बाबांचा काळ लारीचा. वामनराव बलिराम लाखे यांचं नाव तोवर सहकारी बँकेमुळेही घरोघर पोचलं होतं. जिल्हा कौन्सिलची सूत्रं रविशंकर शुक्लांकडे होती आणि कौन्सिलच्या गावोगावच्या शाळांतून ‘वंदे मातरम्’ म्हटलं जाई. ब्राह्मणपाऱ्यात बलीराम आझादांची वानरसेना, स्वातंत्र्य चळवळीतल्या मुलांची. बाबा तेव्हा फार लहान. पण पत्रकं शर्टाच्या आत खुपसून या गल्लीतून त्या गल्लीत पोचवण्याच्या मोठ्या मुलांच्या गोष्टी त्यांनी इतक्यांदा ऐकल्या होत्या की सांगताना कधी कधी ते स्वतःच त्यात असायचे. आम्ही दुरुस्त करायचो नाही. १९३७ मध्ये शुक्ल प्रांताचे शिक्षणमंत्री झाले आणि त्यांनी विद्यामंदिर योजना आणली, खेड्यात जमिनीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या शाळांची. ते स्वतः रायपूरच्या त्या सरकारी हायस्कुलातले विद्यार्थी. लारीच्या मास्तरांनी वर्गात ही बातमी सांगितली तेव्हा एका मुलानं विचारलं होतं, “म्हणजे आपल्या गावचा मुलगा शाळांचा राजा झाला?”

तेव्हा आपली राजधानी नागपूर. हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाड म्हणजे हिंदी आणि मराठी मुलूख एका दोरीत बांधलेले. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये निघालं आणि रायपूरच्या हुशार मुलाची वाट तिकडे वळली. इन्स्पेक्टर नागपूरहून यायचे, निकाल तिथून यायचे, शिक्षकांच्या बदल्या रायपूर, नागपूर, अमरावती अशा व्हायच्या. लारीच्या स्टाफरूममध्ये चहाबरोबर मराठी चालायची हे बाबा अभिमानानं सांगत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी ती दोरी सुटली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, रायपूरसाठी राजधानी झाली भोपाळ. शुक्ल नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि दोन महिन्यांत, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, वारले. आत्या तेव्हा मॅट्रिकला होती. तिच्या वर्गातली जिवलग मैत्रीण एका मराठी सरकारी नोकराची मुलगी. वडिलांना ठरवायचं होतं, इकडे की तिकडे. त्यांनी नागपूर निवडलं. स्टेशनवर पोचवायला गेलेल्या आत्याला तिनं आपली शाळेची लाकडी पट्टी दिली. गाडी हलली, आणि रायपूर-नागपूर हे तीनशे किलोमीटर, जे तोवर आपल्याच अंगणातून पुढच्या दारापर्यंत जाण्याइतके होते, ते परमुलखाचे झाले. आत्या म्हणायची, “फाळणी नव्हती ती, कोणाचं रक्त सांडलं नाही. पण वर्गात चार बाकं रिकामी झाली, आणि ती कोणी मोजली नाहीत.” पट्टी तिनं मरेपर्यंत वापरली. आकडे पुसून गेले होते.

जे राहिले त्यांनी आपली मराठी घरात, गणेशोत्सवात, १९३५ पासूनच्या महाराष्ट्र मंडळात सांभाळली. आणि मुलांना पाठवलं सप्रे शाळेत.

माझा सप्रे शाळेतला काळ या सगळ्याच्या पुढचा. वर्गात हिंदी, मैदानावर छत्तीसगढी, डबा उघडला की मराठी. मैदानावर कोणी पडला की “का होगे गा?” असंच निघायचं तोंडून, “काय झालं रे” निघत नसे. आई रागावायची, आजी नाही. ती म्हणायची, ज्याच्या मातीत पडलास त्याच्या भाषेत ओरडलास, ठीकच आहे. एक गोष्ट मात्र मला तेव्हापासून आवडते. बऱ्याचशा हिंदी मुलखात विद्यालय, पाठशाला म्हणतात. आमच्याकडे सरकारी कागदांवरसुद्धा ‘शाला’. प्राथमिक शाला, शाला प्रवेश उत्सव. याचं मूळ काय ते भाषातज्ज्ञ सांगतील. मला त्या शब्दात आमच्या पणजोबांच्या पिढीचा आवाज ऐकू येतो आणि तो ऐकू येणं मी सोडणार नाही.

सप्रे मैदान तेव्हा आम्हाला न संपणारं वाटायचं. नंतर शेजारचा रस्ता रुंद होत गेला आणि मैदान आकसत गेलं. तलावाकाठी कितीतरी वर्षं धरण्यांची जागा होती. मुलं पाढे म्हणायची आणि बाहेर कर्मचाऱ्यांच्या घोषणा चालायच्या. मी पेन्शनीत निघाल्यावर सकाळी फिरायला तिकडे जातो. कुठल्याशा भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर चढलेलं दिसलं की पाय थांबतात. जुन्या चुन्यावर सिमेंट चढवलं की ओल आतच कोंडते, बाहेर पडायची वाट बंद होते, आणि काही वर्षांत वरचं प्लास्टर पोपडा होऊन सुटतं, जाताना आतला चुनाही घेऊन जातं. हे कका मला सांगून गेलेत. शहरातल्या जुन्या शाळांची दुरुस्ती ज्यांच्या हाती आहे त्यांनी एवढी एक गोष्ट ऐकावी असं मला मनापासून वाटतं: चुन्याला चुनाच लावा. तो करणारे हात आता फार थोडे राहिलेत, आणि दगड तर अजून आपल्या पायाखालीच आहे.

तात्यापाऱ्यातलं आमचं घर काही वर्षांपूर्वी पाडलं. भावंडांच्या वाटण्या, अरुंद गल्ली, गळकं छप्पर. दुसरा उपाय उरला नव्हता. कका तेव्हा ऐंशीच्या पुढे, काम सोडलेलं. पण बातमी कळली तसे काठी टेकत आले आणि समोरच्या ओट्यावर बसून राहिले. मजूर माजघराची भिंत फोडत होते. सब्बल, म्हणजे पहार, आपटली की ठिणगी उडायची, चुना इतका दगड झाला होता. मलबा टुकनीत, म्हणजे टोपलीत, भरून बायका डोक्यावरून नेत होत्या. ककांनी एकीला थांबवलं. टुकनीत हात घालून नारळाएवढं एक ढेकूळ काढलं, कडेला नखानं खरवडलं. आत सुरखीचा लाल रंग होता, ताज्या विटेसारखा.

“मोर बबा के हाथ के ए,” ते म्हणाले. माझ्या आजोबांच्या हातचं आहे हे.

मी टुकनीला हात लावायला पुढे झालो. ती बाई तोवर स्वतःच ती उचलून निघाली होती. ढेकूळ मी घरी आणलं. बाबांच्या ‘दासबोधा’शेजारी फळीवर ठेवलंय. आषाढ लागला की ते हाताला ओलसर लागतं, दिवाळीपर्यंत कोरडं होतं.